पालेभाजीची वरणफळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरणफळे म्हणजे नेमके काय, आणि त्यांत पालेभाजी कोठून आली?

कणकेची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे करायचे आणि ते उकळत्या, पातळ, फोडणीच्या वरणात सोडून तिथेच शिजवायचे, म्हणजे वरणफळे. कोणी त्यांना चकोल्या म्हणते, कोणी चिकोल्या. मराठवाड्यात हा प्रकार पाहुण्यांसाठी फारसा केला जात नाही. शेतातून किंवा कामावरून परतायला उशीर झाला, पोळ्या लाटून भाजत बसण्याचे त्राण उरले नाही आणि तरी घरच्यांना गरम, पोटभर जेवायला घालायचे आहे, अशा संध्याकाळी तो हमखास होतो. पालेभाजी त्यात आली ती याच हिशेबाने. मेथीची जुडी निवडलेली असतेच. तिची वेगळी भाजी टाकण्याऐवजी ती वरणात घातली की भाजी, वरण आणि पोळी ही तिन्ही एकाच पातेल्यात होतात.

चार माणसांसाठी प्रमाण काय घ्यावे?

येथे वाटी म्हणजे सुमारे १५० मिलिलीटरची नेहमीची आमटीची वाटी समजावी. तूरडाळ १ वाटी, कणीक २ वाट्या, बेसन २ मोठे चमचे, निवडून बारीक चिरलेली मेथी ३ वाट्या आणि सगळे मिळून पाणी ९ वाट्या. त्याखेरीज तेल ३ चमचे, लसणाच्या ८ ते १० पाकळ्या, मोहरी, जिरे, हिंग, हळद, काळा मसाला २ चहाचे चमचे, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ आणि चवीप्रमाणे मीठ.

पाण्याचा आकडा वाचून बहुतेक जण थबकतात. तो कमी करू नये. फळे, म्हणजे हे कणकेचे तुकडे, पाणी पितात, शिजताना तर पितातच, पण पातेले खाली उतरवल्यावरही पीत राहतात. चुलीवर असताना वरण आमटीपेक्षाही पातळ दिसले, तर ताटात येईपर्यंत ते बरोबर होते. चुलीवरच बरोबर दिसले, तर ताटात पिठले वाढल्यासारखे होते.

एकाच भांड्यात सगळे कोणत्या क्रमाने करावे?

पाच लिटरचा कुकर असेल तर दुसऱ्या भांड्याची गरज नाही. कुकरमध्ये थेट तेल तापवावे, मोहरी तडतडली की जिरे, ठेचलेल्या लसणातला निम्मा लसूण, हिंग आणि हळद घालावी, त्यावर धुतलेली डाळ टाकून एकदा परतावी आणि ३ वाट्या पाणी घालून झाकण लावावे. चिंच, टोमॅटो किंवा कोणताही आंबट पदार्थ या टप्प्यावर घालू नये, कारण आंबटपणात डाळ मऊ व्हायला फार वेळ घेते. मध्यम आचेवर चार शिट्ट्या पुरतात.

शिट्ट्या होईपर्यंत कणीक भिजवून घ्यावी. तिच्यात बेसन, मीठ, हळद, थोडा ओवा, चमचाभर तेल आणि चिरलेल्या मेथीपैकी वाटीभर मेथी घालून पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळावी. पाणी चमच्या-चमच्याने घालावे, कारण मीठ लागताच मेथीला पाणी सुटते आणि पाच मिनिटांपूर्वी घट्ट वाटलेला गोळा हाताला चिकटू लागतो. कुकरची वाफ जिरेपर्यंत तो झाकून ठेवावा; मुरलेली कणीक लाटताना मागे ओढली जात नाही.

झाकण उघडले की डाळ रवीने घोटावी आणि तिच्यात ६ वाट्या पाणी घालावे. हे पाणी गरम असले तर उकळी लवकर येते आणि गॅसही वाचतो. मग काळा मसाला, मीठ, चिंचेचा कोळ आणि गूळ घालून उकळी येऊ द्यावी. तोवर कणकेचे तीन गोळे करून पोळीपेक्षा किंचित जाड लाटावेत आणि कातण्याने किंवा सुरीने दोन बोटे रुंदीचे चौकोन कापावेत. वरण खळखळून उकळत असतानाच फळे एकेक करून सोडावीत. सात-आठ मिनिटांनी उरलेली मेथी घालावी आणि आणखी पाच मिनिटे, झाकण न ठेवता, शिजू द्यावे. उरलेल्या लसणाची आणि तिखटाची फोडणी शेवटी कढल्यात करून वरून ओतण्याची आमच्याकडे पद्धत आहे. मग ते एकच भांडे कसे राहिले, असा प्रश्न भांडी घासणाऱ्याने विचारला तर त्याला उत्तर नाही. पण ती फोडणी मी सोडत नाही.

पहिल्यांदा करणाऱ्याला या सगळ्याला पाऊण तास लागतो. हात बसल्यावर पस्तीस-चाळीस मिनिटांत जेवायला बसता येते.

फळे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. काय चुकते?

याची कारणे तीन असतात आणि बहुधा तिन्ही एकदमच घडलेली असतात. पहिले कारण म्हणजे उकळी नसणे. फळ उकळत्या पाण्यात पडले की त्याच्या पृष्ठभागावरचे पीठ लगेच शिजून आवळते. पाणी नुसते गरम असेल तर ते पीठ विरघळून चिकट होते आणि शेजारच्या फळाला धरते. दुसरे कारण म्हणजे कापलेली फळे ताटात एकावर एक रचून ठेवणे. ती वरणात जाण्यापूर्वीच जोडली गेलेली असतात. तिसरे कारण म्हणजे घाई, म्हणजेच ताट तिरपे करून सगळी फळे एकदम वरणात लोटणे.

हे तिसरे मी स्वतः केलेले आहे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासूबाई गावाला गेल्या होत्या, वीज गेलेली होती आणि मोबाइलच्या उजेडात मी कापलेली सगळी फळे एकदम ओतली. दहा मिनिटांनी पळी घातली तर ती मध्येच अडली. वर पिवळे पाणी आणि तळाशी नारळाएवढा एक गोळा, आतून पांढरा, कच्चा. तो बाहेर काढून सुरीने कापला आणि पुन्हा उकळला. खाल्ला सगळ्यांनी, बोलले कोणी नाही. सासूबाई परत आल्यावर त्यांनी काही सांगितले नाही, फक्त माझ्यासमोर फळे सोडली. डाव्या हातात पोळीचा तुकडा, उजव्या हाताने एक फळ उचलून पातेल्याच्या कडेशी, जिथे उकळीचा बुडबुडा फुटतो आहे नेमके तिथे सोडायचे, पुढचे त्याच्या समोरच्या कडेला, आणि पाच-सहा फळे पडली की उकळी पुन्हा वर येईपर्यंत थांबायचे. हात थांबला की सासूबाई पळीचा दांडा एकदा तळाशी फिरवत. पळीच्या खोलगट बाजूने ढवळले तर ओली फळे मोडतात. मी आजही तसेच करते.

फळे शिजली हे कसे ओळखावे?

ती वर तरंगू लागतात, पण नुसते तरंगणे ही खूण पुरेशी नाही. काही फळे तीन मिनिटांतच वर येतात. एक फळ काढून मधोमध तोडावे. कापलेल्या कडेला पांढरी रेघ दिसली तर आत पीठ कच्चे आहे. रेघ नाहीशी झाली आणि फळ दातांखाली मऊ, तरी किंचित चिवट लागले की झाले. साधारण बारा मिनिटे लागतात, जाड लाटलेल्या फळांना पंधरा.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. त्यात डाळ शिजतच नाही.

ही तक्रार मराठवाड्यातल्या निम्म्या स्वयंपाकघरांची असेल. खोल बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. ते डाळीच्या दाण्यांना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनशी जोडले जातात आणि दाणा फुटत नाही. डाळीपुरते तीन वाट्या पाणी शुद्ध केलेले किंवा साठवलेले पावसाचे घ्यावे, पुढे वाढवायचे पाणी बोअरचे असले तरी चालते. तेही शक्य नसेल तर पाणी आधी खळखळून उकळून, निवल्यावर तळाचा पांढरा साका मागे ठेवून वरचे पाणी वापरावे. डाळ अर्धा-एक तास भिजवल्यानेही बराच फरक पडतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर डाळ मऊ होते खरी, पण तिच्यातले ब-१ जीवनसत्त्व त्यामुळे कमी होते आणि चवही साबणासारखी होण्याचा धोका असतो, म्हणून तो उपाय रोजचा करू नये.

डाळ जुनी असेल तर पाण्याला दोष देण्यात अर्थ नाही. साठवणुकीत डाळ जितकी जुनी होते तितकी ती शिजायला हट्टी होते. आपल्याकडे तूर घरची किंवा लातूरच्या बाजारातली असते, त्यामुळे नवी डाळ मिळवणे अवघड नाही. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा पांढऱ्या तुरीचा वाण अनेकांच्या शेतात आहे. घरची तूर भरडून डाळ केली असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये केलेली वरणफळे वर्षातली सर्वांत चांगली होतात.

तूर नकोच असेल तर मूगडाळ घ्यावी. ती दोन शिट्ट्यांत होते, मात्र वरण बुळबुळीत होऊ नये म्हणून ती फार घोटू नये.

मेथीशिवाय दुसरी कोणती पालेभाजी चालेल?

जवळजवळ कोणतीही, पण प्रत्येकीची घालण्याची वेळ निराळी आहे. पालक आणि तांदुळजा नाजूक असतात. त्यांना शेवटची तीन मिनिटे पुरेत, जास्त शिजवले तर वरणात त्यांचा पत्ता लागत नाही. शेपूला स्वतःचा वास इतका आहे की काळा मसाला निम्मा करावा लागतो. करडईची कोवळी पाने रब्बीत विरळणी करताना मिळतात. ती थोडी राकट असतात म्हणून फळांच्या आधी वरणात घालून पाच मिनिटे उकळावीत. चाकवत वरणाला आपोआप दाटपणा आणतो, तेव्हा पाणी अर्धी वाटी वाढवावे.

आंबट भाज्यांचे गणित वेगळे आहे, आणि माझे मत विचारले तर वरणफळांना खरी शोभतात त्या याच. चुका घातला तर चिंच लागत नाही. तो वरणात पडताच दोन मिनिटांत विरघळतो आणि त्याचा हिरवा रंग मेंदीसारखा मळकट होतो, तो दोष नव्हे, त्याच्यातल्या आम्लाचा परिणाम आहे. अंबाडी फार आंबट असेल तर पाने आधी उकळून, पिळून घ्यावीत. हरभऱ्याचा पाला थंडीत शेतातून खुडून आणतात आणि उन्हाळ्यासाठी वाळवूनही ठेवतात. वाळलेला पाला हाताने चुरून, चाळून घातला तर एक मूठ पुरते आणि त्याचा आंबूस, धुरकट वास ताज्या भाजीला येत नाही. या सगळ्या आंबट भाज्या डाळ पूर्ण शिजल्यानंतरच घालायच्या, आणि पातेले स्टीलचे असावे. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा साध्या ॲल्युमिनियममध्ये त्या करू नयेत. चुका आणि पालक यांत ऑक्झॅलेट बरेच असते, म्हणून ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी मेथी निवडावी आणि शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे.

पावसाळ्यात बांधावर उगवणारा घोळ कोणी विचारत नाही. घालून पाहावा.

मेथीमुळे वरण कडू झाले. आता काय करावे?

गुळाचा आणखी एक खडा आणि थोडा चिंचेचा कोळ घालावा. कडूपणा जात नाही, पण झाकला जातो. पुढच्या वेळी मेथीचे देठ आणि फुलोऱ्यावर आलेले शेंडे काढून टाकावेत, आणि चिरल्यानंतर ती फार वेळ ठेवू नये. मेथी मिठाने चोळून पिळून घेण्याचा सल्लाही दिला जातो. मला तो पटत नाही, कारण कडूपणासोबत चवही पिळून मोरीत जाते.

काळ्या मसाल्याऐवजी येसर वापरता येईल का?

अवश्य. येसरात मसाल्यांसोबत भाजून दळलेले धान्य आणि डाळ असते, त्यामुळे ते वरणाला चवही देते आणि दाटपणाही. मात्र ते कोरडे टाकले तर गुठळ्या होतात. अर्धी वाटी गार पाण्यात कालवून घालावे आणि एकूण पाणी एक वाटी वाढवावे. येसर आणि काळा मसाला दोन्ही घालण्याचा मोह टाळावा. दोन्ही घातले की मेथीचा वास कोठेच राहत नाही.

ज्वारीच्या पिठाची फळे करता येतात का?

येतात, पण कणकेसारखी लाटून-कापून नव्हे. गव्हात ग्लुटेन असते. मळल्यावर त्याची जाळी तयार होते आणि फळ उकळीत टिकते. ज्वारीत ते नाही. ज्वारीचे पीठ गार पाण्यात भिजवून फळे केली तर ती वरणात विरघळतात आणि आपल्या हाती ज्वारीची पेज उरते.

त्यावर आपल्याकडचा जुना उपाय शेंगोळ्यांचा आहे. २ वाट्या ज्वारीच्या पिठात अर्धी वाटी बेसन, पाव वाटी कणीक, वाटलेला लसूण, हिरवी मिरची, जिरे, ओवा, हळद, मीठ आणि मूठभर अगदी बारीक चिरलेली मेथी घालून ते कढत पाण्याने भिजवावे. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि ग्लुटेनचे काम तो काही प्रमाणात करतो. सोसेल इतके गरम असतानाच तळहाताच्या टाचेने रगडून मळावे, मग तेलाच्या हाताने लिंबाएवढा गोळा घेऊन दोन तळव्यांत करंगळीएवढी वळी करावी आणि तिची टोके जोडून कडबोळ्यासारखे वेटोळे करावे. वळताना चिरा पडू लागल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे. चिर पडलेले शेंगोळे उकळीत नेमके तिथेच तुटते.

शेंगोळ्यांना डाळ लागत नाही. लसूण, तिखट आणि काळ्या मसाल्याची झणझणीत फोडणी करून तिच्यावर ८ वाट्या पाणी घालावे, खळखळून उकळी आली की शेंगोळे सोडावेत आणि पहिली चार मिनिटे पळी लावूच नये. मळलेल्या पिठाचा एक छोटा गोळा बाजूला ठेवून तो पाण्यात कालवून शेवटी रश्शात ओतला की रस्सा दाट होतो. शिजायला पंधरा ते अठरा मिनिटे लागतात.

पीठ ताजे हवे, ही यातली सर्वांत महत्त्वाची अट आहे. ज्वारीचे पीठ दळून पंधरा-वीस दिवस झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते; भाकरी जशी थापताना फाटते, तसेच शेंगोळेही वळताना तुटतात. मालदांडी ज्वारीचे ताजे पीठ असेल तर कणीक न घालताही काम भागते.

घरात एकाला गहू चालत नाही. ज्वारीचे शेंगोळे त्याला चालतील का?

कणीक वगळून केले तर ज्वारी स्वतः चालते, पण दोन ठिकाणी फसगत होते. गिरणीत आपल्या आधी कोणाचा गहू दळला असेल तर तो जात्यात राहिलेला असतो आणि आपल्या पिठात उतरतो. सीलिॲक आजार असलेल्यांसाठी तेवढेही पुरते. दुसरी जागा हिंगाची आहे. बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. डबीवरचा मजकूर वाचावा, नाहीतर हिंग वगळावा.

फळे घालून कुकरला एक शिट्टी दिली तर वेळ वाचणार नाही का?

पाच मिनिटे वाचतील. परंतु डाळ आणि पिठाचे पाणी फेसाळून वर चढते आणि शिट्टीच्या नळीत अडकू शकते. अशा फेसाळणाऱ्या पदार्थांसाठी कुकर निम्म्याहून अधिक भरू नये असे त्याच्या पुस्तिकेतच लिहिलेले असते, आणि नऊ वाट्या पाण्यासह फळे घातल्यावर तीन लिटरचा कुकर निम्म्यावर राहत नाही. शिवाय झाकणाखाली ढवळता येत नाही, त्यामुळे तळ लागतो. डाळीपुरते झाकण, फळांना उघडे भांडे, ही पद्धत मला योग्य वाटते.

दोघेही नोकरी करतो. सकाळी काय करून ठेवता येईल?

मेथी आदल्या रात्री निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी. धुऊन ठेवली तर सडते. डाळ सकाळी शिजवून फ्रिजमध्ये ठेवता येते. कणीक भिजवून ठेवायची असेल तर तिच्यात मेथी घालू नये, वरून तेलाचा हात फिरवावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, तरीही संध्याकाळपर्यंत ती थोडी काळसर पडेल. तो रंग हवेमुळे येतो आणि चवीला बाधत नाही. कापलेली फळे मात्र ठेवू नयेत, त्यांना पाणी सुटते.

कांदा-लसूण न घालता करता येतील का?

येतील. हिंग वाढवावा आणि फोडणीत थोडे मेथीदाणे व आले घालावे.

लहान मुले मेथी बाजूला काढतात.

सगळी मेथी कणकेत घालावी, वरणात नाही. फळातून ती काढता येत नाही.

सोबत काय वाढावे?

फोडलेला कांदा, लिंबाची फोड आणि भुरका. गरम तेलात ठेचलेला लसूण, जिरे, शेंगदाण्याचे कूट आणि लाल तिखट घालून केलेला भुरका ताटाच्या कडेला वाढला की आतले वरण मवाळ ठेवता येते आणि ज्याला हवे तेवढे तिखट घेता येते. फळांवर तूप घ्यावे की करडईचे कच्चे तेल, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि मी तेलाच्या पक्षात आहे. लिंबू मात्र ताटातच पिळावे. पालेभाजीतले लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते आणि उकळीत ते बरेचसे नष्ट होते.

उरलेली वरणफळे दुसऱ्या दिवशी कशी खावीत?

जेवणे झाल्यावर ती ओट्यावर रात्रभर ठेवू नयेत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. निवली की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावीत. सकाळी डबा उघडला तर वरण दिसतच नाही, सगळे फळांनी पिऊन टाकलेले असते. त्यात कढत पाणी घालून पुन्हा खळखळून उकळी आणावी आणि मीठ चाखून पाहावे. दुसरा प्रकार, जो मला आदल्या रात्रीच्या जेवणापेक्षाही आवडतो, तो असा: लोखंडी तव्यावर सढळ तेलात मोहरी आणि लसूण तडतडवून ती घट्ट झालेली फळे पसरावीत आणि न हलवता खालची बाजू खरपूस होऊ द्यावी. ती उलथण्याने खरवडून काढावी लागतात. त्या खरवडीसाठी आमच्याकडे रात्री मुद्दाम चार फळे जास्त कापली जातात.